विजेची तोडणी-चिठ्ठी ऐरोलीतून निघते



या पानावर आमच्याकडून आपण लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा किंवा हुमणीचा बंदोबस्त यांविषयी वाचण्याची अपेक्षा करता. ते विषय पुढच्या अंकी आहेतच. या वेळी मात्र विजेविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. कारण गट कार्यालयात बसले की उसापेक्षा लाइटीच्याच तक्रारी जास्त कानांवर येतात. "साहेब, रात्री बारानं लाइट, दारं धरायची कशी?" "साहेब, डीपी परत उडाला." "साहेब, लाइट आहे पण मोटर उचलत नाही." ऊस विकास खात्याकडे विजेचे काम नाही हे खरे, परंतु पाण्याची पाळी चुकली की उतारा आणि टनेज दोन्ही घसरतात, आणि पाण्याची पाळी आता आभाळापेक्षा तारेवर अवलंबून आहे. तेव्हा तारेच्या दुसऱ्या टोकाला काय चालते हे सभासदाला ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

ते दुसरे टोक नवी मुंबईत आहे. वाशीच्या बाजार समितीत ज्यांचा गूळ, कांदा जातो त्यांना ठाणे-बेलापूर रस्ता माहीत आहे. त्या रस्त्यावर ऐरोलीजवळ, ज्याला विजेचे लोक 'कळवा' म्हणतात त्या मोठ्या उपकेंद्राच्या आवारात, महाराष्ट्राचे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. नाव बोजड आहे, पण काम आपल्या ओळखीचे आहे. महाराष्ट्रात कोणत्या वीज केंद्राने किती वीज काढावयाची, ती कोणत्या वाहिनीने न्यावयाची आणि कोणाला किती उचलू द्यावयाची, याचे वेळापत्रक येथे ठरते. २००३ च्या वीज कायद्याने असे केंद्र प्रत्येक राज्यात त्या राज्याच्या वीजव्यवस्थेचे मुख्य ठिकाण ठरविले आहे. नागपुरास अंबाझरी येथे याची शाखा आहे, आणि याच्या वरती पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईत अंधेरीस. सन १९६० साली स्थापन झालेले वीज मंडळ ६ जून २००५ रोजी विभागले जाऊन निर्मितीची, पारेषणाची आणि वितरणाची अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. आपल्या गावात बिल घेऊन येते ती महावितरण. ऐरोलीचे केंद्र चालवते ती महापारेषण. हा फरक आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसतो आणि मग वायरमनला नाही त्या गोष्टीसाठी बोल लावला जातो.

आता हे काम आपल्या ओळखीचे कसे, ते सांगतो. रोज पाच हजार टन गाळपाचा कारखाना घ्या. म्हणजे दर तासाला सुमारे २०८ टन ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. कमी पडला तर नो-केन, मिल थांबली, बॉयलर थंड, पुन्हा चढवायला खर्च. जास्त आला तर यार्डात गाड्यांची रांग, ऊस वाळतो, वजन आणि साखर दोन्ही जातात, गाडीवाले शिव्या देतात. म्हणून शेती खाते तोडणीचा कार्यक्रम लावते, चिठ्ठ्या काढते, टोळ्या या फडातून त्या फडात हलवते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा, ही आमची सगळी धडपड असते.

विजेला मात्र चोवीस तास सोडाच, चोवीस सेकंदही नाहीत. तारेला यार्ड नाही. ज्या क्षणी आपली मोटर सुरू होते, त्याच क्षणी कुठेतरी चंद्रपूरला, कोयनेला किंवा कोराडीला तितकी वीज जास्त निघाली पाहिजे. म्हणून भार प्रेषण केंद्रे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याचे वेळापत्रक आदल्या दिवशीच लावतात. आपल्या वरच्या कारखान्याचा पंधरा मिनिटांचा ऊस ५२ टन होतो. आम्हांस कोणी सांगितले की उद्याचा ऊस दर पंधरा मिनिटांना ५२ टन असा तंतोतंत मोजून आणा, तर आम्ही दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज देऊ. ऐरोलीचे अभियंते तेच काम वर्षाचे ३६५ दिवस, तीन पाळ्यांत करतात, आणि तेही पंचवीस हजार मेगावॉटच्या वर जाणाऱ्या राज्याच्या मागणीसाठी.

कमी-जास्त झाले हे त्यांना कळते कशावरून? यार्डात गाड्या किती उभ्या आहेत यावरून आम्हांस कळते. त्यांना कळते वारंवारतेवरून. आपल्या देशात वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. मागणी वाढली की सगळ्या टर्बाइनवर ओझे येते, त्या जरा हळू फिरतात आणि आकडा ५० च्या खाली येतो; मागणी कमी झाली की बैलाच्या मानेवरचे जू हलके झाल्यासारखे, फिरण्याची गती वाढते. हा आकडा ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवावयाचा असा नियम आहे. तो फारच खाली, म्हणजे ४९.४ च्या आसपास गेला, तर स्वयंचलित रिले कोणाला न विचारता काही फीडर तोडू लागतात. गावात "काही कारण नसताना लाइट गेली" असे आपण म्हणतो, तेव्हा कधीकधी कारण असे हजार किलोमीटरवरचे असते. सगळेच प्रसंग असे नसतात, हेही कबूल; बरेचदा फ्यूजच गेलेला असतो.

काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत हा आकडा आता एकच आहे. दक्षिणेचे जाळे ३१ डिसेंबर २०१३ रोजी बाकी देशाशी जोडले गेले, तेही आपल्या सोलापूरहून रायचूरला गेलेल्या ७६५ केव्हीच्या वाहिनीने. यात बळ आहे तशी जोखीमही आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेकडचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचेही गेले आणि साठ कोटींवर लोक अंधारात सापडले. महाराष्ट्र ज्या पश्चिम विभागात आहे तो त्या दिवशी वाचला. उलट प्रकारचा कस लागला ५ एप्रिल २०२० च्या रात्री. नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे बंद करण्याचे आवाहन होते. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने खाली आली आणि लगेच परत चढली. कोळशाचे बॉयलर असे पटकन खालीवर होत नाहीत, हे आपल्या बॉयलर अटेंडंटला विचारा. त्या रात्री जलविद्युत केंद्रांनी भार सावरला. कोयनेसारखे धरण महाराष्ट्राला मोलाचे आहे ते नुसत्या युनिटांसाठी नव्हे. पाणी सोडले की काही मिनिटांत वीज, आणि दार लावले की बंद, म्हणून. संध्याकाळी सहाला शहरात सगळीकडे दिवे लागतात त्या वेळी हीच कोयना कामी येते.

मुंबई आणि नवी मुंबईला मात्र दुसराच अनुभव त्याच वर्षी आला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई या सगळ्या पट्ट्याची वीज गेली. लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, सिग्नल बंद पडले, करोनाचे दिवस असल्याने दवाखान्यांची काळजी वेगळीच. झाले असे की मुंबईकडे वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक निकामी झाल्या आणि शेवटी कळवा-पडघे वाहिनीही गेली. सगळा भार उरलेल्या तारांवर पडला. त्या टिकल्या नाहीत. अशा वेळी मुंबईने बाकी जाळ्यापासून तुटून ट्रॉम्बे आणि डहाणूच्या स्वतःच्या विजेवर बेटासारखे तग धरावे अशी फार वर्षांपासूनची व्यवस्था होती, तीही त्या दिवशी साधली नाही. पुढे २०२१ साली यामागे सायबर हल्ला होता काय, अशी मोठी चर्चा झाली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी वाहिनी सुरू झाली आणि मुंबईला आणखी एक वाट मिळाली. गावाला एकच ओढ्यावरचा पूल असला म्हणजे काय होते ते आपण पावसाळ्यात पाहतोच. तारांचेही तसेच.

एवढे सांगितल्यावर 'स्मार्ट ग्रिड' हा शब्द समजायला सोपा जाईल. आता सरकारी कागदांत आणि कॉलेजांच्या माहितीपत्रकांत तो जागोजागी दिसतो. पूर्वीचे जाळे एकतर्फी होते: वर केंद्र, मध्ये तार, खाली आपण. खाली काय चालले आहे हे वरच्याला कळत नसे. फोन करून विचारावे लागे. आता तारेबरोबर माहितीही धावते, आणि खालूनही वीज वर जाते. आपल्याच कारखान्यांचे उदाहरण घ्या. शंभर टन उसामागे २८-३० टन बगॅस निघते. त्यावर बॉयलर चालवून, कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज महाराष्ट्रातील पुष्कळ सहकारी कारखाने जाळ्याला देतात. आणि ती देतात नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे नेमके गहू-हरभऱ्याला आणि उसाला पाण्याची ओढ असताना. घरांच्या छपरांवर सौरपॅनेल आली, शेतात सौरप्रकल्प आले. म्हणजे वीज घेणारे तेच देणारेही झाले. अशा बाजारात हिशेब सतत, दोन्ही अंगांनी आणि आपोआप व्हावा लागतो. यासाठी केंद्र सरकारने २०१५ साली राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड मिशन सुरू केले.

यातले एक यंत्र सांगण्यासारखे आहे, कारण त्यामागे एक मराठी नाव आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात प्राध्यापक अरुण फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली फेजर मोजणारे उपकरण तयार केले. ते उपग्रहावरून घड्याळ लावून घेते आणि सेकंदाला कितीतरी वेळा विजेची नाडी मोजते. देशभरच्या उपकेंद्रांत अशी यंत्रे बसली म्हणजे एकाच क्षणी चंद्रपुरात नाडी कशी आणि पडघ्यात कशी, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते. पूर्वीची पद्धत दर काही सेकंदांनी एक फोटो काढण्याची, ही म्हणजे चालता सिनेमा. चंद्रपूर ते पडघे ७५२ किलोमीटरची थेट प्रवाहाची वाहिनी १९९९ पासून पूर्वेची वीज पश्चिमेला आणते आहे. असल्या लांबच्या दोरीला ताण किती आला हे वेळीच कळणे किती गरजेचे, हे बैलगाडीला सोल बांधणाऱ्याला सांगावयास नको.

आता शिक्षणाविषयी. हा लेख लिहिण्याचे अर्धे कारण तेच आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की सभासद आमच्याकडे येतात आणि विचारतात, "पोराला कशाला घालू?" आम्ही शेती पदविकेचे माणूस, आमचा कल शेतीकडे असणारच. पण विजेकडे मुले पाठवा, असे आम्ही अलीकडे आग्रहाने सांगतो. आमच्या गटातील एका सभासदाचा मुलगा नवी मुंबईत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वाशी, कोपरखैरणे या भागांत ही शाखा शिकवणारी महाविद्यालये आहेत, आणि भोवती ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने, उपकेंद्रे आणि आता ऐरोली, रबाळे, महाप्याकडे संगणकांची मोठी कोठारे, ज्यांना डेटा सेंटर म्हणतात. त्या कोठारांना एक क्षणही वीज गेलेली चालत नाही. दिवाळीच्या सुट्टीत हा मुलगा आला असता आम्ही त्याला ओसरीवर बसवून सविस्तर विचारले.

"साहेब, आमच्या शिक्षणात निम्मी तार आहे आणि निम्मा संगणक," तो म्हणाला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, मोटर, रिले, वाहिनी हे जुने विषय आहेतच. त्यावर दळणवळण, स्वयंचलित नियंत्रण, संगणकाची भाषा आणि सायबर सुरक्षा यांचा थर आला आहे. एखाद्या जाळ्यात एक वाहिनी तोडली तर भार कुठे कुठे वळेल, याचा हिशेब ते संगणकावर करतात. १२ ऑक्टोबरला मुंबईत घडले ते अशाच हिशेबाचे खरे उदाहरण. आम्ही त्याला विचारले, "आणि हातानं काय करता?" तेव्हा त्याने तीन दिव्यांची गोष्ट सांगितली. प्रयोगशाळेत एक छोटे जनित्र मुख्य पुरवठ्याला जोडावयाचे असते. दोन्हींच्या मध्ये तीन दिवे लावतात. जनित्राची गती जुळत आली की तिन्ही दिवे एकदम लागतात, एकदम विझतात, आणि हळूहळू लुकलुकू लागतात. तिन्ही एकत्र विझले की त्या काळोखाच्या क्षणी स्विच दाबायचा. दिवे एकामागून एक लागत असतील तर फेजांचा क्रमच उलटा जोडला आहे असे समजावे. क्षण चुकला तर जनित्राला असा झटका बसतो की पायाचे बोल्ट हलावेत.

शेजारी आमचे इलेक्ट्रिकल फोरमन बसले होते. वीस-पंचवीस हंगाम टर्बाइनजवळ काढलेला माणूस. ते हसून म्हणाले, "अरे बाळा, आमच्याकडे दिव्यांच्या जागी काटा आहे. काटा हळू फिरत बारावर आला की ब्रेकर लावायचा. पण पहिल्या वर्षी माझेही हात कापत होते." एक पदवीचा विद्यार्थी आणि एक आयटीआय झालेला फोरमन, दोघांचे ज्ञान त्या एका क्षणावर येऊन भेटले. आमच्या मते विजेच्या शिक्षणाची खरी कसोटी येथे आहे. मुलगा स्वतःच म्हणाला की वर्गातील पुष्कळ मुले पदवी घेऊन सॉफ्टवेअरच्या नोकरीकडे वळतात. ती नोकरी वातानुकूलित आणि पगाराने बरी. संगणकावर जाळे चालविणारे तयार होत आहेत, पण आवाज ऐकून मोटरीचे बेअरिंग गेले हे सांगणारे कमी होत चालले आहेत. शिक्षकांनी मुलांना उपकेंद्रात, साखर कारखान्यात हंगामात चार आठवडे उभे करावे. आपले कारखाने ही सहवीजनिर्मितीची आयती प्रयोगशाळा आहेत. आम्ही ही गोष्ट कारखान्याच्या व्यवस्थापनापुढे मांडणार आहोत.

वाटा अशा आहेत. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. महावितरणच्या विद्युत सहायक पदासाठी हीच पात्रता लागते. दहावीनंतरच तीन वर्षांची पदविका. ती झाली की पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. भार प्रेषण केंद्रात बसणाऱ्या अभियंत्यांसाठी राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण संस्थेची वेगळी प्रमाणपत्र परीक्षा असते. या संस्थेचे एक केंद्र नागपुरास आहे. मुलींनाही पाठवा. नियंत्रण कक्षात खांबावर चढावयाचे नसते, डोके ठिकाणावर ठेवावयाचे असते. घरात कोणाचे डोके जास्त ठिकाणावर असते हे आम्ही सांगावयास हवे असे नाही.

वायरमनच्या शिक्षणात एक गोष्ट मात्र ताबडतोब नीट शिकविली गेली पाहिजे, आणि ती सभासदांनीही ध्यानी घ्यावी. पूर्वी वरून स्विच पाडला की खालची तार मेली. आता खालीही वीज तयार होते. छपरावरचे जाळ्याला जोडलेले सौरयंत्र, वरची लाइट गेली की आपणहून बंद पडते. सभासद विचारतात, "ऊन आहे, पॅनेल आहे, तरी घरात लाइट नाही, हे कसलं सोलर?" ते मुद्दाम तसे केलेले असते, खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवासाठी. परंतु जनरेटर किंवा घरचा इन्व्हर्टर चेंजओव्हर स्विच न बसविता कोणी तसाच बोर्डात जोडला, तर त्याची वीज उलटी डीपीत जाते, तेथे तिचा दाब चढतो आणि मेलेली समजलेली तार जिवंत होते. चारशे-पाचशे रुपये वाचविण्यासाठी असले काम करू नये. त्या खांबावर आपल्याच गावचा पोरगा असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो: रात्रीची लाइट. शेतीला आठ तास थ्री फेज, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असे चक्र का? दिवसा कारखाने, कचेऱ्या, बाजार चालू असतात. रात्री शहर झोपते, पण कोळशाची केंद्रे झोपवता येत नाहीत. त्यांची वीज कोठेतरी खपलीच पाहिजे. शिवाय सगळ्या शेतीपंपांना एकदम दिवसा वीज देण्याइतकी तारांचीही ताकद नाही. म्हणून चक्र लावले. हिशेब बरोबर होता, पण तो ज्याच्या अंगावर पडला तो माणूस पौषाच्या थंडीत, हातात बॅटरी घेऊन, सापा-विंचवाच्या आणि आता बिबट्याच्याही भीतीने पाचटातून चालत होता. हे भार प्रेषणाच्या कोणत्याही पडद्यावर दिसत नाही.

यावर उपाय म्हणून जे चालले आहे ते स्मार्ट ग्रिडचेच अंग आहे. राज्याने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आहे. शेतीच्या उपकेंद्राजवळच सौरप्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज दिवसा त्याच फीडरवर द्यावयाची. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प २०२४ साली वैजापूर तालुक्यात धोंदलगावला सुरू झाला. हे चांगलेच आहे. पण यातून ऐरोलीचा हिशेब उलटा होतो. पूर्वी त्यांना रात्रीची वीज खपविण्याची काळजी, आता दुपारची. दुपारी ऊन तापते तेव्हा वीज उदंड, आणि सूर्य मावळताच, शहराची मागणी चढत असताना, सगळी सौरवीज एकदम गायब. ढग आला तरी तेच. म्हणून साठवण हवी. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे: खालच्या तलावातले पाणी वीज उदंड असताना वर चढवायचे आणि ओढ लागली की खाली सोडायचे. विहिरीचे पाणी शेततळ्यात चढवून ठेवणाऱ्याला यात नवल वाटू नये.

दिवसाची वीज टिकावी यासाठी आपल्या बाजूनेही एक-दोन गोष्टी करावयाच्या आहेत, आणि त्या फुकट नाहीत पण स्वस्त आहेत.

पहिली, कपॅसिटर. पाच अश्वशक्तीची मोटर घ्या. तिचे काम सुमारे ३.७ किलोवॉटचे, मोटरीतली घट धरली तर तारेतून साडेचार-पावणेपाच किलोवॉट जातात. पण मोटरीला चुंबक तयार करण्यासाठी आणखी एक ओढ लागते. तिने काम होत नाही, पण तार आणि डीपी व्यापून राहतात. ताकाच्या ग्लासातला फेस म्हणा ना. कपॅसिटर नसताना, पॉवर फॅक्टर ०.७ धरला, तर ही मोटर डीपीवर ६.६६ केव्हीए ओझे टाकते. म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर अशा पंधराच मोटरी. प्रत्येकाने योग्य कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.९ वर नेला, तर ओझे ५.१८ केव्हीए होते आणि त्याच डीपीवर एकोणीस मोटरी मावतात. नवीन डीपीसाठी निवेदने देत वर्षे घालवण्यापेक्षा चार मोटरींची जागा अशी निघते. दाबही सुधारतो, मोटर कमी तापते. साधारणपणे ३ अश्वशक्तीला १, पाचला २ आणि साडेसातला ३ केव्हीएआर असे प्रमाण आहे. पुष्कळ ठिकाणी कपॅसिटर आहे पण वायर काढून ठेवली आहे, असेही आम्ही पाहतो.

दुसरी, ऑटो स्विच. रात्री उठावयास नको म्हणून तो बसवला जातो, त्यात सभासदाला दोष देण्याचे कारण नाही. पण लाइट आली की फीडरवरच्या सगळ्या मोटरी एका क्षणी उठतात. उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. पंधरा मोटरींचा डीपी त्या काही सेकंदांत जणू पंच्याहत्तर ते नव्वद मोटरींचा होतो. फ्यूज जातो, नाहीतर डीपीच. मग आठवडाभर कोणालाच पाणी नाही. जेथे दिवसाची वीज आली आहे तेथे ऑटो स्विच काढावा. काढता येत नसेल तर वेळ लांबवणारा टायमर मिळतो. एका डीपीवरच्या लोकांनी बसून ठरवावे, पहिल्याने एक मिनिटाचा लावावा, दुसऱ्याने दोन मिनिटांचा, असे. ऐरोलीचे अभियंते राज्यासाठी करतात तेच हे काम आहे, एका डीपीपुरते. चारीच्या पाण्याची बारी लावणाऱ्या गावाला ते जमत नाही, असे आम्ही मानत नाही.

वीजबिल सात-साडेसात अश्वशक्तीपर्यंत माफ आहे, मग आम्ही कपॅसिटरचा खर्च का करावा, असा प्रश्न एका सभेत आला होता. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य शासनाची मोफत वीज एप्रिल २०२४ पासून आहे आणि योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे. बिल नसले तरी डीपी जळतोच, मोटर रिवाइंडिंगचे पैसे आपलेच जातात, आणि भर उन्हाळ्यात एक पाळी चुकली तर आडसालीचे एकरी टनेज किती घटते हे तुम्हांला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

ज्या डीपीवरील सभासद एकत्र येऊन कपॅसिटर व टायमर बसविण्यास तयार असतील त्यांनी आपल्या गट कार्यालयात नावे द्यावीत. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल विभागातील माणूस हंगाम संपल्यावर गावात येऊन तपासणी करून देईल, तशी विनंती आम्ही केली असून ती मान्य झाली आहे. येताना प्रत्येकाने आपल्या मोटरीच्या पाटीवरील अश्वशक्ती, व्होल्ट आणि अँपिअर हे आकडे कागदावर लिहून आणावेत. पाटी गंजली असल्यास मोटर कोणत्या साली घेतली तेवढे तरी सांगावे.